म्हाळसाकाकूच्या चपला

माझा चुलतभाऊ ईश्वर वडगाव रासाईत विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी नवी तार गुंडाळून भरून देतो. हात असा, की त्यानं भरलेली मोटार वर्षानुवर्षं कुरकुरत नाही. पण काही सकाळी त्याला साधं तोंड धुणं जमत नाही. ब्रश हातात धरून ओट्यावर नुसता बसून राहतो.

डॉक्टर याला डिप्रेशन म्हणतात. सहा वर्षं झाली. दर गुरुवारी दौंडला समुपदेशनाला जायचं, गोळ्या घ्यायच्या, सांगतील ते इमानदारीनं करायचं. थोडं उतरतं, पुन्हा चढतं. भाऊबंदकी नाही, कोर्टकचेरी नाही, बायको माया गुणाची. कारण सापडेना म्हणून गावाचीच झोप उडाली. "कशाचं टेन्शन घेतो रं?" असं विचारणाऱ्यांचा मला भयंकर राग येतो. तापानं फणफणलेल्याला कुणी असं विचारतं का?

त्याची आई, म्हाळसाकाकू, विचारत बसली नाही. पहिल्याच वर्षी ती बिरोबाला नवस बोलली, "लेकरू बरं हुईस्तवर पायात काय घालणार न्हाई." तेव्हापासून ऊन असो, काटे असोत, काकू अनवाणी. तिच्या टाचांच्या भेगा ईश्वरला दिवसभर दिसायच्या. आपल्यामुळे आईचे पाय फुटले, हे आणखी एक दुखणं त्याच्या मागं लागलं.

गेल्या दिवाळीत त्यानं जाहीर करून टाकलं, "आये, म्या बरा झालो." दौंडला जाणं बंद केलं आणि शिरूरहून तिच्यासाठी चपला आणल्या. काकूनं बिरोबापुढं नारळ फोडला, चपला घातल्या. ईश्वर जेवताना हसून दाखवायचा आणि दुपारी दुकानाचं शटर आतून ओढून अंधारात पडून राहायचा.

होळीच्या सुमारास त्याला सोसेना. तांब्याची तार आणायला जातो असं घरी सांगून तो माझ्याबरोबर वडापच्या जीपमध्ये बसला. खरं तर दौंडला डॉक्टरांकडेच निघाला होता. गावाबाहेर उसाच्या कडेनं काकू रानात चालली होती. अनवाणी. चपला हातात.

जीप पुढं गेली.

संध्याकाळी त्यानं दारातल्या चपला उलट्या करून पाहिल्या. तळ दुकानातल्यासारखे कोरे होते.

"आये, तुला कवापासनं ठावं हाय?"

"तू हसाया लागलास तवापासनं," काकू म्हणाली.

"मग घातल्यास कशापायी?"

"तुला बरं वाटावं म्हून."

ईश्वर तिच्या पायांशी बसला. "आये, आता तरी घाल. म्या बरा न्हाई झालो तरी घाल गं."

काकूनं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. "असं कसं? देवाला बोललीया. तू बरा हो, मग घालीन की."

इतका जीव लावणाऱ्या बाईवर रागावता येत नाही आणि रागावल्याशिवाय राहवतही नाही.

पुढच्या गुरुवारी मीच त्याला दौंडला घेऊन निघालो. भर उन्हात, तापलेल्या डांबरावरून काकू जीपपर्यंत सोडायला आली. ईश्वर खिडकीकडे पाठ करून बसला.