फणसाच्या फळ्यांचा मनोरा

आमच्या बिल्डिंगमध्ये माणसांनी गच्चीवर काहीही वाळत घालावं, पण मांजरीने तिकडे बघू नये असा नियम आहे. आमच्या मांजरीने बघितलं. शेजारणीच्या बोंबलांची चव घेतली आणि माणिकपूरभर बोभाटा झाला. सेक्रेटरी दारात येऊन म्हणाले, "मांजर घरात ठेवा, नाहीतर लांब कुठेतरी सोडून या."

आता ही मांजर माझ्या सासूबाईंची. त्या गेल्यावर सासरे गावी सांडोरच्या घरात एकटे असताना चक्कर येऊन पडले, म्हणून आम्ही त्यांना इकडे फ्लॅटमध्ये आणलं. आले ते मांजरीला टोपलीत घालूनच. सेक्रेटरींचं ऐकून ते एवढंच म्हणाले, "ती गेली तर मीपण चाललो." माणूस हट्टी, खरंच गेले असते. तिथे पुन्हा पडले तर उचलायला कोण होतं?

आमच्या ह्यांना मात्र स्फुरण चढलं. मांजरीला चढायला घरातच उंच जागा मिळाली की ती बाहेर भटकत नाही, हे ज्ञान त्यांना मोबाइलवर झालं होतं. मी म्हटलं, विकत मिळतो तसला मनोरा, आणूया. "विकतचं म्हणजे नुसता भुसा!" हे म्हणाले. "गावच्या वाडीतला फणस पडलाय, त्याच्या फळ्या चिरून आणतो." बँकेत खुर्ची उबवणारा माणूस बाल्कनीत रंधा घेऊन बसला. आणि मग काय, बिल्डिंगमधला प्रत्येक पुरुष सुतार निघाला. कोणी म्हणे पाया रुंद घ्या, कोणी म्हणे खिळे नको, स्क्रू मारा. एकाने तर मांजरीचं तोंड उत्तरेला येईल असं बघा म्हणून सांगितलं. चहा करून करून माझा जीव मेटाकुटीला आला. सुताराला बोलवा म्हटलं तर ऐकतील? सुंभ जळेल, पण पीळ जाणार नाही.

पण खरं सांगते, मनोरा झाला देखणा. पिवळाधमक फणस, खांबाला नखं घासायला काथ्याची दोरी, चढत चढत छतापर्यंत फळ्या. वर ह्यांनी पॉलिश मारलं, तिथेच सगळं बिनसलं. मांजरीने एक पंजा टेकवला तर हे ओरडले, "अगं अगं, नखं!" आधी पॉलिश वाळायचं होतं. मग वाळलं, तर ओरखडे पडतील. दोरीला हात लावू द्यायचा नाही, सुटेल. सोफ्याचं प्लास्टिक पाहुण्यांसमोरसुद्धा न काढणारं आमचं घर, दुसरं काय होणार!

हळूहळू खालच्या फळीवर फुलदाणी आली, मधलीवर पितळी समई. सगळ्यात वर, चंदनाचा हार घालून, सासूबाईंचा फोटो. आलेगेले हात जोडू लागले. "आईला एवढी चांगली जागा दुसरी कुठे मिळणार?" हे म्हणायचे आणि डोळे पुसायचे.

मांजर बिचारी पुन्हा गच्चीवर, पुन्हा बोंबील. सेक्रेटरी आले आणि ह्या वेळी उंबऱ्यावरून हललेच नाहीत. आतल्या खोलीत सासरे पिशवीत लेंगे भरायला लागले.

हे धावले. "बाबा, असं काय करताय? एवढा मनोरा केला ना तिच्यासाठी!"

"मग चढू दे तिला."

"आता कशी चढेल? वर आई आहे."

सासरे हॉलमध्ये आले. फोटोकडे बघून म्हणाले, "जिवंत होती तेव्हा तिला कधी पाटावर बसवली का रे आपण? सगळ्यांचं झाल्यावर चुलीपाशी भुईवर बसायची, उरलंसुरलं खायची. तेव्हा जवळ कोण असायचं? ही मांजर. मी नाही, तू नाही. उतरव तो फोटो खाली."

हे जागचे हलेनात. मला रडू फुटलं आणि रागही आला, दोन्ही एकदमच. मीच स्टुलावर चढून फोटो काढला आणि सासऱ्यांच्या उशाशी ठेवला. मांजरीने समई पाडली, पॉलिशवर ओरखडे काढले आणि थेट वर जाऊन बसली. सेक्रेटरी उंबऱ्यावरून परत फिरले. सासऱ्यांनी लेंगे परत कपाटात ठेवले.

त्या दुपारी मी सगळ्यांच्या आधी माझं ताट वाढून घेतलं आणि जेवायला बसले. ह्यांनी दारातून विचारलं, "माझं पान?"

"भात कुकरमध्ये आहे," मी म्हटलं आणि दुसरा घास घेतला.