गाडीच्या पोटातली हळद

लातूर नवा जिल्हा झाला, त्याच्या पुढेमागे आमच्या निलंगा भागातलं पाणी आटलं. गावाला टँकर पाहिजे होता, तर आमच्या शहाण्यांनी सवयीनं अर्ज जुन्या जिल्ह्याला नेऊन दिला. तो फिरून इकडे येईपर्यंत पाण्याचं काम माझ्या गाडीवर आलं. गाडी म्हणजे लिलावात घेतलेली म्हातारी पिकअप. चार कोसांवरच्या मळ्यातल्या विहिरीवरून आमच्या वस्तीच्या नऊ घरांची नऊ पिंपं मी रोज आणायचो.

अडचण एकच, गाडीही पाणी प्यायची. अर्ध्या वाटेवर इंजिन तापायचं, बॉनेटमधून वाफ निघायची आणि मला रेडिएटरमध्ये पाणी ओतावं लागायचं. लोकांच्या पिंपाला हात लावायचा नाही, एवढी अक्कल मला होती. त्यामुळे रोज आमचंच पिंप निम्मं होऊन घरी यायचं. आई म्हणायची, घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं.

गळती कुठं आहे ते मात्र सापडेना. गाडी उभी केली की खाली थेंब नाही. तापल्या इंजिनावर पडलेलं पाणी वाटेतच वाळत असणार. निलंग्याच्या मिस्त्रीनं रेडिएटर दोनदा उतरवून कथलाचा डाक दिला, तरी पाणी जातच राहिलं. शेवटी हात पुसत तो म्हणाला की पाणी आतच जळून राहिलंय, इंजिन खोलावं लागतंय, पंधरा दिवस धरा. पंधरा दिवस नऊ घरांनी प्यायचं काय? मी त्याच्यावर असा भडकलो, जसा दुष्काळ त्यानंच आणला होता.

मग मी ड्रायव्हर लोकांचा जुना उपाय काढला. रेडिएटरमध्ये हळद टाकायची. ती पाण्याबरोबर फिरते आणि बारीक छिद्रात जाऊन बसते, अशी आमची श्रद्धा. आई सरपण आणायला गेली तशी मी डब्याला हात घातला. चमचाभर पुरते म्हणतात, पण मी रागात होतो, सगळा डबा रिता केला. दुसऱ्या दिवशी गाडी तितकंच पाणी प्यायली. घरी पोचलो तर आई रिकामा डबा घेऊन दारात उभी.

खोटं बोलून पाहिलं, पण माझी बोटं पिवळी होती. आई म्हणाली, "माझी हळद कुठं घातली, दाखीव." मी बॉनेट उघडलं. पदर खोचून ती वाकली. उभ्या जन्मात पहिल्यांदा ती इंजिन बघत होती, तेही हळदीपायी. जरा वेळानं खाली बोट दाखवून म्हणाली, "ही काय, इथून सांडून राहिली."

खरंच, खालच्या रबरी पाइपाच्या इंजिनाकडच्या टोकापासून पिवळा ओघळ वाळला होता. तिथली पाइप आवळायची पट्टी तुटली तेव्हा मीच तार बांधली होती, पक्कडीनं पिळून, मोठ्या अभिमानानं. त्या तारेनं रबर कापलं होतं. मिस्त्री तिकडे वाकला तेव्हा, हे मी स्वतः बांधलंय, इथं बघायचं काम नाही, असं मीच त्याला दटावलं होतं. काखेत कळसा अन् गावाला वळसा.

कापलेलं टोक दोन बोटं छाटलं, पाइप पुढे सरकवला आणि स्क्रूची नवी पट्टी आवळली. अर्ध्या तासाचं काम. हळदीचा गाळ विहिरीवर धुऊन काढला, तेव्हा मळ्याच्या मालकानं विचारलं की गाडीचं लगीन कधी.

त्या दिवशी आमचं पिंप काठोकाठ भरून आलं. आई आता कौतुक करील, निदान हळदीचं विसरेल, असं मला वाटलं. ती दोन बादल्या घेऊन न्हाणीत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. आली तेव्हा केसांतून पाणी निथळत होतं, आणि चेहरा इतका खुश की मला ओळखू येईना.

"दीड महिन्यानं डोक्यावरून न्हाले रे," ती म्हणाली.

दीड महिना मी रोज रेडिएटरचं झाकण उघडून पाणी किती उतरलं ते बघत होतो. आईकडे एकदाही बघितलं नव्हतं. मला फार लाज वाटली.