चुलीवर वाळवलेला प्रोब

हे मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही. बायकोपाशीही नाही — खरं तर सुरुवात तिच्याच चुलीपासून झाली, पण तिला त्याचा पत्ता नाही. तुमच्यापाशी तरी नीट सांगता येईल का? बघतो.

एकोणीसशे साठच्या दशकात महाडच्या पेठेत माझं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. भागीदार शिवराम, कुडपण गावचा, फौजेत सिग्नलमध्ये काम करून आलेला. मुंबईच्या जुन्या बाजारातून त्याने एक मोडीतला ऑसिलोस्कोप आणला. विजेची लाट पडद्यावर दाखवणारं यंत्र ते. सोबत हाय व्होल्टेजचा प्रोब होता — हातभर लांब काळी दांडी, आत वीज अडवणारा रेझिस्टन्स, मध्ये एक चकती. टोक हजारो व्होल्टना लावायचं आणि हात चकतीच्या मागे ठेवायचा. पुढे गेला की संपलं.

त्या प्रोबने माझा जीव नकोसा केला. आतला रेझिस्टन्स जळालेला होता आणि तसला महाडात कुठून मिळणार? मी रेडिओतले छोटे रेझिस्टन्स एकापुढे एक जोडून काचेच्या नळीत घातले, वर मेण ओतलं. मेणाला तडे गेले. पुन्हा ओतलं. माप जुळलं, तर पावसाळ्यात ओल शिरली आणि आज एक आकडा, उद्या भलताच. ही दांडी सावित्री नदीत भिरकावून द्यावी असं किती वेळा मनात आलं! शिवराम मात्र शांतपणे म्हणायचा, "होईल रे, घाई नाय." त्याच्या त्या शांतपणाचाही मला राग यायचा.

मग मी आपल्याकडची युक्ती केली. चुलीच्या वर बांबूची फळी टांगलेली असते ना? बियाणं, सुकट, काड्यापेट्या — पावसात जे कोरडं राहायला हवं ते सगळं तिथे. प्रोबही तिथेच ठेवला. आणि काय सांगू, आकडा जागेवर आला! एवढे दिवस डोकं फोडत होतो त्यावर चुलीची ऊब पुरली. मी दुकानात चहा मागवला. शिवरामने एकच सांगितलं, "धूर बसतो रे त्याच्यावर. वापरायच्या आधी स्पिरिटने पुसत जा."

पुसायचो. सुरुवातीला.

आता खरं सांगायची वेळ आली, तर मी पुन्हा पावसाबद्दल बोलावं असं वाटतंय. नको.

पोलादपुरात एका डॉक्टरांचं एक्स-रे मशीन बिघडलं. आम्ही स्कोप घेऊन एसटीने गेलो. मशीन काही केल्या वळणावर येईना. सकाळ गेली, दुपार गेली, डॉक्टर दारातून डोकावून जायचे, मी चिडलेलो. शिवरामने प्रोब हातात घेतला आणि विचारलं, "पुसलास ना?"

"हो म्हटलं ना!" मी खेकसलो.

पुसला नव्हता. काळ्या दांडीवर काजळी दिसते थोडीच? आणि काजळी म्हणजे कोळसाच, त्यातून वीज वाहते. हे मला ठाऊक नव्हतं का? त्या नळीत मी ओळीने जोडले होते ते रेझिस्टन्स तरी कशाचे होते? कोळशाचेच.

दांडीवरून सरसर ठिणगी धावली आणि शिवराम भिंतीवर जाऊन आदळला. जीव वाचला. उजव्या हाताची बोटं मात्र भाजून वाकडी झाली, ती कायमचीच.

डॉक्टर त्याच्यापाशी धावले. आणि मी काय केलं? मी टेबलावरचा स्पिरिटचा बोळा उचलला आणि प्रोब पुसला. मित्र जमिनीवर कण्हत होता आणि मी दांडी पुसत होतो. बोळा काळाकुट्ट झाला, तो खिशात घातला. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा म्हणालो, "त्याचा हात चकतीच्या पुढे गेला. मी पाहिलं."

हात मागेच होता. मी पाहिलं होतं, ते हे.

शिवरामला त्या क्षणाचं काही आठवत नव्हतं, म्हणून त्याने माझा शब्द धरला. तारांना डाख द्यायची तापती सळई धरायला बोटं वळेनात, पण त्याहून वाईट म्हणजे त्याचा स्वतःवरचा भरवसा गेला. साधा रेडिओ उघडायचा तरी तो आधी माझ्याकडे बघायचा. तेव्हा सांगता आलं नसतं? रोज आलं असतं. त्याच्या त्या बघण्याने मला संताप यायचा — स्वतःचा यायला हवा होता, पण यायचा त्याचाच. वर्षभरात तो दुकान सोडून कुडपणला नाचणी करायला गेला.

पुढे पोलादपूरच्या बाजारात भेटला. डाव्या हाताने पिशवी धरलेली. मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "एवढा फौजेत शिकलेला मानूस मी, आनि हात पुढे नेला. तुझ्या दुकानाचं नाव खराब केलं. मनात ठेवू नको रे."

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "जाऊ दे शिवराम. मी कधीच माफ केलं तुला."