साळवे मॅडमचं टोपण

साळवे मॅडम पेनाचं टोपण काढल्याशिवाय माणसाशी बोलत नसत. टोपण काढायचं, डाव्या हाताच्या करंगळीत अडकवायचं आणि मग म्हणायचं, "हं, सांगा." तुम्ही सांगाल ते कागदावर उतरायचं. टोपण पुन्हा पेनावर बसलं की विषय संपला. मग तुम्ही रडा, ओरडा, नाहीतर खिडकीतून उडी मारा. ऑफिस तळमजल्यावर होतं, त्यामुळे उडीचाही उपयोग नव्हता.

अंबरनाथ पश्चिमेच्या त्या सरकारी ऑफिसात मी गेलो तो एका फणसासाठी. उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये माझं लोखंडी कपाटांचं दुकान आहे. दुसऱ्याच्या दुकानात पत्रे घासत सुरुवात केली आणि स्वतःच्या पाटीपर्यंत आलो. पुढे बारवी धरणाच्या बाजूला एका तलावाकाठी जमिनीचा तुकडा घेतला. एक खोली, एक ओटा, एक फणस. काठ धुपू नये म्हणून तिथल्या उतारावर पूर्वी कुणीतरी दगडांचं पिचिंग केलं होतं. ते पार ढासळलं होतं. दर पावसाळ्यात तलाव हातभर जमीन गिळायचा, आणि आता फणसाची मुळं उघडी पडली होती. आणखी एक पावसाळा, की फणस पाण्यात आणि ओटा त्याच्या मागोमाग. पण काठ सरकारी. जुने दगड काढून नवे बसवायचे तरी परवानगी लागते.

माझ्या जमिनीसमोरचा काठ चाळीस फूट. दुकानाशेजारचे लछूभाई म्हणाले, "साईं, सत्तर मांग. वो लोग काटेंगेच." मला हे शिकवायची गरज नव्हती. आयुष्यभर मी दुसरं काय केलंय?

"लांबी?" मॅडमनी विचारलं.

"सत्तर फूट."

आता त्या म्हणतील, एवढे कशाला? माझी तयारी होती. आधी साठ, मग कुरकुरत पन्नास, शेवटी चेहरा पाडून चाळीस. मॅडमनी सत्तर लिहिलं आणि टोपण लावलं. माझी पाचशेची नोट खोटी म्हणून कुणी परत केल्यासारखं वाटलं. भाव न करता मान्य करणाऱ्या माणसाचा मला भयंकर राग येतो.

पाहणीला इंजिनीअरसाहेब आले. टेपचं एक टोक फणसापाशी धरून मॅडम उभ्या राहिल्या, दुसरं घेऊन साहेब चालत गेले. चाळीस फुटांनंतर गावातल्या म्हशी पाण्यात उतरतात ती जागा लागते. दगड तिथलेही ढासळलेले. साहेब तिकडून ओरडले, "सत्तर! बरोबर आहे!"

परवानगी आली. खाली अट होती : मंजूर लांबीचं सगळं काम पावसाळ्यापूर्वी पुरं करावं, नाहीतर परवानगी रद्द आणि केलेलं कामही काढून टाकावं. मी तसाच अंबरनाथला पळालो.

"मॅडम, सत्तरचे चाळीस करा."

"कमी करायचा अर्ज वेगळा. पुन्हा पाहणी. ती पावसाळ्यानंतर."

"मग पन्नास करा."

"भोईरशेठ, हे फूट आहेत. कोथिंबीर नाही."

"बरं, तुमचं नको, माझं नको. पंचावन्न!"

आकडा खाली आणण्यासाठी मीच गयावया करतोय, हे कॅम्प पाचमध्ये कुणी पाहिलं असतं तर मला दुकान बंद करावं लागलं असतं. माझं डोकं फिरलं. मी टेबलावर हात आपटला. मॅडमनी शांतपणे टोपण काढलं, करंगळीत अडकवलं आणि विचारलं, "हे लिहायचंय का?"

"नको."

"तुम्ही सांगितलं, मी लिहिलं," त्या म्हणाल्या. हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आलेल्या प्रत्येकाला ते एकदा तरी ऐकायला मिळायचं.

सत्तर फूट केले. दगडवाल्याशी इतका भांडलो की तो अजून माझा फोन घेत नाही. वरून म्हशीवाली आजी रोज कामावर देखरेख करायला हजर. "शेठ, आमच्या म्हशी काय उड्या मारून जातील का पान्यात? उतार नीट ठेव." ठेवला. शेवटच्या पाहणीला आलेल्या मॅडम म्हणाल्या, "छान. म्हशींची सोय केलीत."

"मी केली नाही, तुम्ही करायला लावलीत!"

"तुम्ही सांगितलं..."

"कळलं, कळलं."

त्या पावसाळ्यात तलाव काठोकाठ भरला. मी छत्री घेऊन दोन दिवस फणसाशेजारी उभा होतो. पाणी दगडांवर आपटत होतं आणि परत जात होतं. फणस हलला नाही. पलीकडे माझ्या तीस फुटांवर म्हशी बसल्या होत्या आणि माझ्याकडे पाहत होत्या. आभार वगैरे काही नाहीत.

मॅडम निवृत्त झाल्या त्या महिन्यात माझ्या दुकानात आल्या. मुलीसाठी कपाट हवं होतं. डिझाइन पसंत केलं आणि विचारलं, "कधी मिळेल?"

"आठ दिवसांत." हे मी प्रत्येकाला सांगतो. आठ म्हणजे वीस, हे अख्ख्या कॅम्पला माहीत आहे.

मॅडमनी पर्समधून एक छोटी डायरी काढली. मग पेन. टोपण निघालं, करंगळीत गेलं.

"थांबा मॅडम! वीस. वीस दिवस लागतील."

शेजारच्या दुकानातून लछूभाईंनी मान बाहेर काढली. "साईं, तबियत ठीक है?"

मॅडमनी वीस लिहिलं, टोपण लावलं आणि त्या पहिल्यांदाच हसल्या. "बघा, येतं की तुम्हाला."

विसाव्या दिवशी कपाट त्यांच्या घरी पोहोचलं. त्या तीस फुटांचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही, जाणारही नाही. गिऱ्हाइकांनाही मी आजही आठच दिवस सांगतो. फक्त कुणी खिशातून पेन काढलं, की आधी त्याचं टोपण कुठे जातंय ते बघतो.