मानवत ते चारठाणा, विमानानं

जिनिंगच्या शेडात आमी बाया कापसातला कचरा वेचायचो. हात कापसात, तोंड मोकळं! कचरा रोज उचलला जायचा, किस्से तेवढे साचत गेले.

हे गयाबाईचे. तिचा सुरेश शिकून कॅनडात विमानांचा मेकॅनिक झाला, पार वरच्या बर्फाच्या टोकाला. सून पयलटकरीण. लेटर आलं, मुकादमानं वाचलं: "आमच्या गावात विमानतळ आहे, दवाखाना नाही. बाळंतपणाला दुसऱ्या विमानतळाच्या गावी न्यायचं. सोळाशे किलोमीटर. विमानानं चार तास."

त्या गावांची नावं मुकादमाच्याही तोंडात मावेनात. गयाबाई म्हणाली, "निगायचं त्ये आपलं मानवत, पोचायचं त्ये चारठाना म्हना. मला समजलं पायजे."

तसंच ठरलं!

*

मुकादम म्हणाला, "उन्हाळ्यात तिथं सूर्य मावळतच नाही."

खैरुनबीचे हात थांबले. "फिर रोजा कब छोडते, माँ?"

गयाबाईचा चेहरा मात्र खुलला. "मंग चार तास लागू दे न्हाई तर चाळीस, पोचनार त्याच दिशी की!"

*

गावातली बाळंतपणं मी केलेली. गयाबाईनं हळूच विचारलं, "आक्का, वाटंतच कळा निघाल्या तर?"

"पयली खेप हाय. अख्खा दीस जातो! चार तासात काय हुतंय?"

"तिथला दीस दोन महिने संपत नाही, बाई," मुकादम म्हणाला.

त्याला कोण मधी बोलायला सांगत होतं!

*

मुकादमाची बायको चारठाण्याची, जुन्या देवळांच्या गावची. तिला सगळं अर्धंच कळलं. तिथल्या भावाला निरोप धाडला, बाळंतिणीचं विमान उतरलं का बघ.

त्याचं कार्ड आलं: "सगळी देवळं हिंडलो. विमान नाही. बाळंतीण कोणाची ते कळवावे, दूध पाठवतो."

*

मग विद्यापीठाच्या नामांतराचा बंद सुरू झाला. एष्टी बंद, टपाल बंद. गयाबाई रोज पोस्टाच्या पायरीवर जाऊन बसायची. "हितनं परभनी गाठंना, आन माजी सून सोळाशे किलोमीटर उडायलीय!"

टपाल सुरू झालं. मुकादमानं लेटर उघडलं आणि वाचता वाचता हसायलाच लागला: "आई, विमानाला चार तास लागले, तुझ्या नातीला तीनच. वरच झाली. दोघी खुशाल."

सगळ्या बाया माझ्याकडं बघायल्या. मी आपलं कापसात तोंड घातलं!

*

दुसऱ्या दिवशी गयाबाई कामाला आली नाही. तिसऱ्या दिवशी आली ती रिकामी पिशवी घडी करत.

"कुटं गेल्तीस गं?"

"सेलूला. चारठान्याच्या एष्टीत बसले, मधीच उतरले. ष्टँडावर समद्याला साखर वाटली. कंडाक्टर, भेळवाला, कुनाकुनाला!"

"सेलूला तुजं कोन हाय?"

गयाबाईनं पदर खोचला, कापूस पुढ्यात ओढला. "चारातले तीन तास म्हंजी सेलूच्या जरा फुडंच झाली ती. पर तितं ष्टँड न्हाई."