बांधावरची लाडकी

हिवाळा लागला की निसर्ग केंद्राची रविवारची फेरी सुरू होते, आणि फेरी सुरू झाली की पांड्याच्या पायांना भिंगरी लागते. एरवीही हा माणूस एका जागी पाच मिनिटं बसायचा नाही. पण डिसेंबर ते फेब्रुवारी त्याला बसणं म्हणजे शिक्षाच.

केंद्र कोसबाडच्या टेकडीखाली. फेरीला डहाणू-तलासरीच्या शाळांची मुलं येतात, त्यांच्या आया येतात, मुंबईहून टोप्या घातलेली मंडळी येतात. सगळ्यांच्या पुढे पांड्या. पन्नाशीचा, किडकिडीत, शाळा चौथीपर्यंत. झाडाच्या सालीला नख लावून वास घेणार, पानं उलटी करून दाखवणार, कुठली वेल गुरं खात नाहीत आणि का, हे सांगणार. कोणी नाव विचारलं आणि पांड्याने दिलं नाही असं कधी झालं नाही. पाट्यांवर आकडे आहेत. सेहेचाळीसपर्यंत तो असा रमतगमत जातो की मागच्यांचे पाय दुखतात. आणि सत्तेचाळीस आली की, "चला, चला, ऊन वाढला!" सकाळचे आठ वाजलेले असतात, लोक स्वेटरात कुडकुडत असतात, आणि याला ऊन लागतं.

सत्तेचाळीस नंबरला होती लाडकी. भात कापून झालं की बांधावर उगवणारी बोटभर उंचीची वनस्पती, निळसर फुलाची, पान चुरलं तर काकडीसारखा वास येणारी. पाटीवर मोठ्या अक्षरात नाव, खाली बारीक अक्षरात शास्त्रीय नाव, आणि त्याखाली 'काढ्याने ताप उतरतो.' शास्त्रीय नाव बरोबर होतं. बाकीचं पांड्याने ठोकून दिलेलं होतं.

सव्वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. केंद्र उभं करणारे सर वही घेऊन पाड्यापाड्याने फिरत होते आणि पांड्या त्यांना झाडांची आपल्यातली नावं सांगत होता. सकाळपासून नव्वद नावं झाली असतील. सर सगळ्यांसमोर म्हणाले, "या माणसाला ठाऊक नाही असं झाडच नाही." पांड्याची छाती फुगली. आणि पुढच्याच बांधावर ही निळ्या फुलाची समोर आली. पांड्याला नाव येईना. आईच्या तोंडून ऐकलेलं होतं, पण काही केल्या आठवेना. सरांचं पेन थांबलेलं. पलीकडे धाकटी बहीण पेंढ्यावर बसून पाय हलवत होती. पांड्या म्हणाला, "लाडकी." सरांनी लिहिलं. "उपयोग काय?" आता मागे कसं फिरायचं? "ताप उतरतो."

घरी जाऊन आईला विचारू आणि उद्या दुरुस्त करू, असं त्याने ठरवलं होतं. पण विचारायचं तर का विचारतोस ते सांगावं लागलं असतं, आणि आईने ते पाडाभर सांगून सगळ्यांना हसवलं असतं. उद्याचं परवा झालं. पाच वर्षं आई त्याच घरात, त्याच चुलीपुढे बसलेली होती, आणि या शहाण्याने तिला एक नाव विचारलं नाही. मग आई गेली. पुढच्या वर्षी पाटी लागली.

पाटी लागल्यावर कोणी तरी लाडकीला, म्हणजे त्या धाकट्या बहिणीला, सांगितलं की तुझं नाव केंद्रात लिहिलंय. ती तेव्हा लग्न होऊन वेवजीला गेली होती. घोलवडच्या वाडीत चिकू उतरवायला यायची, तिथून एक दिवस परस्पर केंद्रात आली. वाचता येत नव्हतं. पांड्याने बोट ठेवून ला, ड, की ही तीन अक्षरं दाखवली. लाडकी कितीतरी वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "म्हणजे आयेने मला या झाडावरून नाव ठेवला?"

पांड्या हो म्हणाला. दुसरं काय म्हणणार होता?

तेव्हापासून दर हिवाळ्यात ती कोणाला ना कोणाला घेऊन यायची. नणंद, सून, वाडीतल्या बायका. "ह्या बघा, मी." फुलाला हात लावायची, तोडायची नाही. सर म्हातारे होऊन वारले, त्यांच्या जागी निशिगंधा मॅडम आल्या, मुलांच्या मुलांना पांड्याने फेरीला नेलं, आणि सत्तेचाळीस नंबरवरून तो वीस वर्षं पळत राहिला.

गेल्या डिसेंबरात मात्र पळता आलं नाही. फेरी संपल्यावर तलासरीकडची सुनिता नावाची एक आई कडेवर मूल घेऊन त्याच्याकडे आली. "पांड्यादादा, तुमच्या लाडकीचा काढा देते मी याला. मागच्या महिन्यात ताप आला तर तीन दिवस दवाखान्यात नाय नेला. उतरला बघा."

पांड्याने पोराच्या कपाळाला हात लावला. कपाळ गार होतं. तीन दिवस! आणि उतरला नसता तर? "ताप आला की दवाखान्यात ने," तो ओरडलाच, "काढाबिढा काय नाय!" सुनिता बिचारी बघतच राहिली. आपलीच पाटी, आणि आपलाच माणूस अंगावर येतो!

त्या दिवसापासून त्याला अन्न गोड लागेना. त्यात मॅडमनी पुस्तक काढायचं ठरवलेलं. पांड्याची सगळी, दोनशे बारा नावं, फोटोंसकट, तालुक्यातल्या शाळाशाळांत वाटायची. पांड्या ऑफिसच्या दारापर्यंत जायचा, चपला काढायचा, पुन्हा घालायचा. सांगितलं तर बाकीच्या दोनशे अकरांवर कोण विश्वास ठेवणार? या माणसाकडे शेत नव्हतं, शिक्षण नव्हतं. शब्द तेवढा होता. आणि लाडकी? तिचं नाव दुसरं कुठे लिहिलेलं तिने पाहिलं होतं?

जानेवारीत मॅडमनी पाड्यापाड्यांतल्या जाणत्या बायकांना बोलावलं, छापण्याआधी नावं पडताळायला. पडवीत सतरंजी घातली, चहा झाला. पुढे लाडकी बसलेली, नवं लुगडं नेसून. मॅडम एकेक फोटो दाखवत नाव वाचत होत्या, बायका माना हलवत होत्या. पांड्या खांबाला टेकला, मग पायरीवर बसला, मग पुन्हा उठला.

"लाडकी," मॅडमनी वाचलं. "ताप उतरतो."

"लाडकीच," बायका एका सुरात म्हणाल्या. सगळ्यांत म्हातारी शुक्री, तिनेही मान हलवली. लाडकीने हसून पदर सावरला.

"नाय," पांड्या म्हणाला. "खोटा हाय ता. मी मनाने सांगितला सरांना. नाव पण आणि ताप पण."

पांड्या शुक्रीपुढे उकिडवा बसला. "शुक्रीआये, तू तरी सांग. खरा नाव काय व्हता?"

शुक्रीने डोळे मिटले. ओठ हलले, थांबले. "व्हता रं काय तरी," ती म्हणाली. "तुझी आय म्हणायची, मी पण म्हणायची. पाटी लागली, पोरं शाळेतून लाडकी-लाडकी करत आली, मग आम्ही पण तोच धरला. आता नाय येत तोंडात."

पांड्याला वाटलं होतं, आपण एक नाव खोटं दिलं. खरं नाव आपण मारून टाकलं, हे त्याला त्या दिवशी कळलं, आणि तो सगळ्यांसमोर रडला.

लाडकी केव्हाच उठून गेली होती. तिच्या चहाचा कप तसाच होता.

मॅडम वाईट बाई नव्हत्या. त्यांनी एवढंच विचारलं, "पांड्यादादा, बाकीची?"

"बाकीची खरी."

"मी कशी मानू?"

दोनशे अकरा नावं पुन्हा पाड्यापाड्यांत विचारली गेली, दुसऱ्यांच्या तोंडून. एकूण एक खरी निघाली. पण पांड्याला ते कौतुकाने सांगावं असं कोणाला सुचलं नाही, आणि त्यालाही ऐकायचं नव्हतं. पुस्तकात त्या पानावर छापलं: स्थानिक नाव माहीत नाही, उपयोग माहीत नाही. मधल्या काळात तो सुनिताच्या घरी दोनदा जाऊन आला, ताप आला की दवाखान्यातच नेईन अशी ती शपथ घेईपर्यंत.

पाटी आपल्याच हाताने काढायची म्हणून एका सकाळी तो पाना घेऊन गेला. पाटी नव्हतीच. लोखंडी पट्टीला दोन भोकं तेवढी उरलेली. पांड्या तसाच हमरस्त्यावर आला आणि मिळेल त्या जीपने वेवजीला पोचला.

पाटी लाडकीच्या दारावर होती, चौकटीच्या वर खिळ्याने ठोकलेली. शास्त्रीय नाव, ताप, सत्तेचाळीस, सगळं कोयत्याने खरवडून टाकलेलं. वरची तीन अक्षरं तेवढी ठेवलेली.

लाडकी अंगणात तांदूळ पाखडत होती. तिने वर पाहिलं नाही.

"झाडावरून नाय, तर कशावरून ठेवला आयेने?" तिने विचारलं.

"तू झालीस तेव्हा आय तुला खाली ठेवायचीच नाय," पांड्या म्हणाला. "कामाला पण पाठीशी बांधून न्यायची. म्हणून लाडकी. मी व्हतो ना तेव्हा, सात वर्षांचा."

लाडकीचं सूप थांबलं.

"ह्या पण मनाने सांगतोस?"

पांड्याने तोंड उघडलं. ते खरं होतं, अगदी खरं. पण ते पटवायला त्याच्याजवळ आपल्या शब्दाशिवाय काही नव्हतं.