मागचं सगळं घेऊन येणाऱ्या आपा

आपांबरोबर चालायचं म्हणजे हाताशी वेळ ठेवूनच निघावं लागे. वराळ्यातल्या आमच्या ऑफिसकडून रिक्षाच्या थांब्याकडे जाताना एका ठिकाणी रस्ता उगाचच वळसा घेतो. मी रोज तिथून जात होते, पण तिथे वळण आहे हेही मला कधी जाणवलं नव्हतं. आपा एका संध्याकाळी सरळ शेजारच्या गोठ्यात शिरल्या आणि तिथे बसलेल्या एका म्हाताऱ्या आबांना विचारूनच बाहेर आल्या. "विहीर होती तिथे," त्या खुशीत म्हणाल्या. "विहीर कधीच बुजवली, वर गाळे उभे राहिले. पण रस्ता अजून तिला वाट देतोय."

आपा लोणावळ्याच्या. त्यांचे मिस्टर रेल्वेत होते. घाट चढताना गाड्यांना मागून जी इंजिनं लावतात, ती चालवायचे. आपा रोज लोणावळ्याहून तळेगावला येत आणि तिथून वराळ्याला. आमची कंपनी लहानशी. गुलाबाच्या पॉलिहाउसमध्ये पाणी आणि खत कधी, किती सोडायचं ते ठरवणारा प्रोग्रॅम आम्ही बनवत होतो. मालकांना आम्ही सर म्हणायचो. आपा सरांनंतरच्या सगळ्यात जुन्या. वय पन्नाशीच्या पुढे, चष्मा कायम डोक्यावर आणि शोध कायम चालू, "माझा चष्मा कुणी पाहिला?"

चुकीची ओळ दिसली की आम्ही ती दुरुस्त करून मोकळे व्हायचो. आपा आधी ती कुणी लिहिली ते बघायच्या. दोष द्यायला नव्हे. "माणूस कळला की चूक कळते," असं त्यांचं म्हणणं. एकदा असाच एक विचित्र हिशेब सापडला. आपा सकाळभर पुटपुटत होत्या, "कुणाच्या डोक्यातून निघालं असेल हे? झोपेत लिहिलंय की काय?" जेवणाच्या आधी त्यांच्या खुर्चीकडून मोठ्यांदा हसू आलं. आम्ही धावलो. "अगं, मीच ती!" डोळे पुसत त्या म्हणाल्या. "थोरली झाली होती त्या वर्षी. खरंच झोपेत लिहिलंय."

हे कुणी लिहिलं ते कसं कळतं, तेही सांगते. प्रोग्रॅम जिथे ठेवतात तिथे नुसता आजचा प्रोग्रॅम नसतो. आजवर त्यात कुणी, कधी, काय बदललं आणि बदलताना काय टीप लिहिली, ते सगळं एकाखाली एक साठलेलं असतं. आमची ही साठवण फार जुन्या पद्धतीची होती. नव्या मुलांना ती वापरता येईना आणि कोपऱ्यातला सर्व्हर तर पंख्यासारखा घरघरायचा. शेवटी सरांनी ठरवलं, आता गिट नावाच्या नव्या साठवणीवर जायचं. "आजचा कोड उचला, नव्या जागी ठेवा, सोमवारपासून कामाला लागा," सर म्हणाले. "जुनं कोण बघत बसतंय?"

"मी बघते," आपा म्हणाल्या.

सर हसले. मागचा सगळा इतिहास न्यायला त्यांनी एक आठवडा दिला आणि मला आपांच्या हाताखाली दिलं.

पहिला प्रयोग मी एकटीनेच केला आणि मोठ्या ऐटीत आपांना दाखवला. सगळे बदल नव्या जागी आले होते, तारखाही बरोबर होत्या. फक्त प्रत्येक बदलासमोर माझंच नाव होतं. हलवाहलव मी केली म्हणून सगळं माझ्या खात्यावर जमा झालं होतं. मी शाळेत दोन वेण्या घालून जात होते तेव्हापासून मी हा प्रोग्रॅम लिहीत होते म्हणे! ऑफिसभर हशा पिकला. आपाही हसल्या, पण मग म्हणाल्या, "पुसून टाक ते. ज्याचं त्याच्या नावावर जाऊ दे."

त्यासाठी जुन्या प्रत्येक सांकेतिक नावापुढे त्या माणसाचं पूर्ण नाव आणि ईमेल द्यायचा होता. बहुतेक माणसं सापडली. एक जण पुण्यात होता, एक परदेशी गेला होता, एकाने भुशी धरणाच्या वाटेवर हॉटेल टाकलं होतं. सुरुवातीचं बरंचसं काम मात्र 'डीएनबी' नावाच्या कुणाचं होतं.

"हे कोण?" मी विचारलं.

आपांनी डोक्यावरचा चष्मा खाली घेतला. "ज्ञानोबा. कान्हे गावचा. आम्ही दोघं एकाच महिन्यात लागलो होतो. आजारात गेला. तू यायच्या आधी."

मी सुचवलं, कंपनीचा कुठलाही पत्ता घालू, काम अडत नाही. आपा स्क्रीनकडे बघत राहिल्या. "ज्ञानोबा बोऱ्हाडे लिहायचा की ज्ञानेश्वर? एवढी वर्षं शेजारी बसले आणि मला आठवत नाही बघ." मग त्या ज्ञानोबांच्या टिपा वाचू लागल्या. इंग्रजी अक्षरांत, पण मराठीत लिहिलेल्या. 'पंप दोन आता ऐकतो.' 'काल केलेलं चुकलं होतं, परत केलं.' एका टिपेशी त्या थबकल्या. 'दुपारी पाइपातलं आधीचं पाणी सोडून द्यायचं. मंगल म्हणाली.'

ही गोष्ट आम्हाला चांगलीच माहीत होती. दुपारच्या पाळीला आमचा प्रोग्रॅम झाडांना पाणी द्यायच्या आधी थोडं पाणी नाल्यात सोडत असे. ते का, कुणालाच ठाऊक नव्हतं. पाणी वाया जातं म्हणून गिऱ्हाइकांची कुरकुर वाढली होती आणि नव्या जागी गेल्यावर आधी ती ओळ उडवायची, असं सरांनी सांगूनही ठेवलं होतं.

"मंगल कोण?" आपांनी मला विचारलं, जशी काही मला माहीत असणार! दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी कान्ह्याला गेलो.

ज्ञानोबांचं घर स्टेशनपासून जवळच होतं. दारात एक बाई मेथी निवडत बसल्या होत्या. आपांनी नाव सांगताच त्या उठल्या. "आपा व्हय? लय नाव ऐकलंय तुमचं. बसा की हितं." त्याच मंगलवहिनी, ज्ञानोबांच्या पत्नी. नावाचं विचारल्यावर त्या म्हणाल्या, "कागदावर ज्ञानेश्वर. पन त्यांला ज्ञानोबाच आवडायचं." ईमेल त्यांचा आता कुठला असायला? त्यांच्या मुलीने वहिनींना काढून दिला होता, तो त्यांनी दिला. मग जरा घुटमळून विचारलं, "ताई, ह्ये नेमकं काय करायचे वो? कोनी इचारलं तर मी आपली सांगायचे, कंपूटरवर असत्यात."

आपांनी तिथेच चटईवर लॅपटॉप उघडला. वराळ्यात बसून लिहिलेल्या ओळींनी कुठल्या कुठल्या गावात पाणी सुटतं ते सांगितलं. मग एकेक टीप वाचून दाखवू लागल्या. पंप दोनवर वहिनी हसल्या. "आस्संच बोलायचे." मग ती टीप आली. आपांनी वाचली आणि वर बघितलं.

वहिनींच्या हातातली जुडी तशीच राहिली. "माझं नाव हाय तितं?"

"आहे ना. काय म्हणाला होतात तुम्ही?"

"आवं, त्या उन्हाळ्यात आमची टोमॅटोची रोपं करपत व्हती. औषिदं मारली, काय न्हाई झालं. मी दुपारची पानी धरायला गेलते, नळीचं पानी पायावर पडलं तर पोळलं की! काळी नळी, दिसभर उन्हात पडल्याली. मी म्हनलं, आवं, ह्ये पानी मुळांना पाजताय व्हय? आदी त्येवढं सोडून द्या." त्यांनी पदर तोंडाला लावला. "त्यांनी कदी सांगितलं न्हाई मला, लिवून ठिवलंय म्हनून."

आपा लगेच पुढचं विचारू लागल्या. नळी किती लांब होती? पाणी गार लागायला किती वेळ जायचा? वहिनीही डोळे पुसता पुसता उठल्या आणि आम्हाला मळ्यात घेऊन गेल्या. दोघी बांधावर उकिडव्या बसून नळीला हात लावून बघत होत्या. इतकी वर्षं एकमेकींना न भेटलेल्या बायका वाटतच नव्हत्या.

इकडे आठवडा संपला आणि काम मध्येच अडकलं. कधी काळी कुणीतरी सगळा प्रोग्रॅम एका जागेवरून उचलून दुसरीकडे ठेवला होता. त्याच्या मागचा इतिहास नव्या जागी येईचना. सर वैतागले. "पुरे झालं आपा. आजचं घ्या आणि पुढे चला."

आपांनी वाद घातला नाही. त्यांनी सरांना ती टीप दाखवली.

"मंगल कोण?" सर म्हणाले.

आपांनी सगळं सांगितलं. सरांनी ती टीप पुन्हा एकदा वाचली. ज्ञानोबांना त्यांनीच नोकरीला घेतलं होतं. "मला वाटायचं ती त्याची चूक आहे," ते म्हणाले. "इतकी वर्षं तसंच वाटायचं." मग उठता उठता म्हणाले, "किती दिवस लागायचे ते लागू देत. पूर्ण आणा."

अडकलेली गाठ आपांनीच सोडवली. इतिहासाचे दोन तुकडे वेगवेगळे आणून जोडले. पहिल्या बदलापासून शेवटच्यापर्यंत सगळं आलं, ज्याचं त्याच्या नावावर. ती ओळ उडवली नाही. सोडलेलं पाणी नाल्याऐवजी परत टाकीत न्यायचं, असा बदल आपांनी केला. गुलाबही वाचले आणि पाणीही. त्या बदलाची टीप त्यांनी चांगली परिच्छेदभर लिहिली. मला हसू आलं होतं. आता माझ्या टिपा त्याहून लांब असतात आणि नवी मुलं मला हसतात.

मिस्टर निवृत्त झाल्यावर रेल्वेचं घर सोडावं लागलं आणि आपा मिरजेला लेकीजवळ राहायला गेल्या. शेवटच्या दिवशी निरोपाची भाषणं चालू असताना माझ्या शेजारी बसून त्यांनी हळूच विचारलं, "सकाळी तुझं काय अडलं होतं गं?" मग केक तसाच ठेवून आम्ही माझ्या जागेवर जाऊन बसलो. त्यांची गाडी चुकली.

मिरजेला त्यांच्या गल्लीत तंबोरे बनवणारे राहतात. परवा फोन केला तर आपा तिथेच होत्या. माझी ख्यालीखुशाली अर्धीच विचारून म्हणाल्या, "थांब, हे ऐक," आणि फोन तारेजवळ धरला. एक लांब, भरलेला सूर कानात घुमला. मग त्यांचा आवाज आला, पण माझ्यासाठी नव्हे, "काका, तारेखाली हा सुताचा दोरा कशाला हो घालता?" काका काहीतरी सांगू लागले, आपा मध्येच अडवून पुढचं विचारू लागल्या. मी फोनवर आहे हे त्या साफ विसरल्या होत्या. मी हाक मारली नाही. काकांचं उत्तर मलाही ऐकायचं होतं.